मूळपुरुषाला घोड्यावर मी बसवलं

आमच्या कुळाचा मूळपुरुष पांढऱ्या घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन, तापी ओलांडून आला. ही गोष्ट आमच्या भाऊबंदकीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. कुळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं चित्र आहे. मूळपुरुषाच्या मागे एक किल्ला दिसतो, जो आमच्या पंचक्रोशीत कुठेही नाही, आणि त्याचं नाक, कपाळ, मिशी हुबेहूब आमच्या कुळमंडळाच्या अध्यक्षांची आहे. चित्र करणाऱ्या मुलाने नमुना म्हणून फोटो मागितला, तेव्हा अध्यक्षांनी स्वतःचा दिला. खापरपणजोबाचा फोटो कुठून आणणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे.

तो घोडा मूळपुरुषाला मी दिला. तलवारही मीच दिली. तापी त्याने ओलांडली असावी एवढं खरं, पण पायी, धोतर वर खोचून, उन्हाळ्यात पाणी ओसरलेलं असताना. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून आता, डोळ्यांना दिसतंय आणि हात थरथरत नाहीत तोवर, सगळं नीट लिहून ठेवतो.

मी शहाद्याच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि शहाद्यातच राहिलो. गाव कळसाडीच्या अलीकडे. ऊस, कापूस आणि आता पपई. बऱ्याच वर्षांपूर्वी भाऊबंदकीने कुळमंडळ स्थापन केलं, कारण शेजारच्या गावातल्या एका कुळाने केलं होतं. त्यांनी स्मरणिका काढली म्हणून आमचीही स्मरणिका काढायची ठरली. त्यांचा मूळपुरुष बैलगाडीतून आला होता. बैठकीत एक काका एवढंच म्हणाले की आपला त्याहून वर बसलेला पाहिजे. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. घराण्याचा इतिहास म्हणजे तरी काय, शाळेत शिकवतो तसाच, फक्त आपली माणसं घालायची, अशी सर्वांची समजूत होती. माझीही होती.

आई तेव्हा होती. एका संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत असताना मी तिला विचारलं, आपला मूळपुरुष कोण. तिने तव्यावरून नजर न काढता सांगितलं.

"सालदार व्हता. आखाजीले ऊना. मालकले पोर एकलीच व्हती, तिले दिनी त्याले. मंग ऱ्हायना आठेच."

आमच्याकडे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, त्याचं साल सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. तो मालकाच्या गोठ्यात झोपतो, मालकाच्या बैलांआधी उठतो. म्हणजे आमचा मूळपुरुष दुसऱ्याच्या गोठ्यात झोपणारा गडी होता आणि पुढे घरजावई झाला. ज्या घरात आम्ही वाढलो ते घर, ज्या वावरावर आमचे वाद झाले ते वावर, सगळं त्याच्या सासऱ्याचं.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी विचारली. आखाजीच्या सकाळी बायका उंबरठा पुजतात आणि घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. आजोबाचं बोट, पणजोबाचं बोट, लहानपणी गेलेल्या काकाचं बोट. आई शेवटी, जरा बाजूला, एक बोट जास्तीचं लावायची आणि नाव घ्यायची नाही. ते कुणाचं, असं मी विचारलं.

"आपण ज्याना घरमा ऱ्हातस त्याना."

मी यातलं काहीही लिहिलं नाही. मी लिहिलं की मूळपुरुष दक्षिणेकडून घोड्यावर आला, उजाड रानात त्याने गाव वसवलं. प्रत अध्यक्षांना दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, हातात काही नव्हतं का. मी तलवार घातली.

छपाई शहाद्यातच होती. शेवटच्या पानावर दोन ओळींची जागा रिकामी राहिली. छापखान्यातला माणूस म्हणाला, गुरुजी, काहीतरी द्या, पान उघडं दिसतंय. मी उभ्याउभ्या लिहून दिलं: 'आमच्या कुळाने जे मिळवले ते मनगटाच्या जोरावर, घरजावयाची रीत या कुळात कधी नव्हती आणि नाही.' जागा भरायची म्हणून लिहिलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण रिकामी जागा भरायला आंब्याच्या पानाचं चित्रही चालतं. आईने जे सांगितलं त्यावर माती टाकायची होती, आणि माती टाकताना मी जरा जोरात टाकली.

स्मरणिका गाजली. मला शाल मिळाली. नंतर बराच काळ ते पुस्तक कुणी उघडलं असेल असं मला वाटत नाही. लोक स्मरणिकेत स्वतःचा फोटो पाहतात आणि ती कपाटावर ठेवतात. निदान मी तसं धरून चाललो होतो.

माझा धाकटा भाऊ गावातच शेती करायचा. त्याला एकच मुलगी. तिचं लग्न नंदुरबारच्या पलीकडच्या एका गावात केलं. तिचा नवरा तीन भावांतला मधला, मिरचीच्या पथारीवर, म्हणजे जिथे ओल्या मिरच्या पसरून वाळवतात त्या मोकळ्या मैदानावर, मालाची देखरेख करायचा. भाऊ अचानक गेला. भावजय एकटी पडली, वावर पडीक पडायला लागलं, तेव्हा पुतणी आणि तिचा नवरा गावी येऊन राहिले. त्याने कापूस काढून पपई लावली, ठिबक टाकलं, भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून आणलं. बोलायला कमी, पण बोलला की समोरच्याला दोन दिवस आठवत राहील असा.

भाऊबंदकीने त्याला पाव्हणा म्हणायला सुरुवात केली. पहिले काही महिने ते ठीक होतं. पण पाव्हण्याने पपईचं दुसरं पीक काढलं तरी तो पाव्हणाच. पाण्याच्या पाळीच्या बैठकीत त्याला बोलवायचे नाहीत, कारण पाव्हण्याला कशाला त्रास. पारावर तो येऊन बसला की कुणीतरी हमखास विचारायचं, "मंग पाव्हणा, कधी निंघनात?" तो एकदा शांतपणे म्हणाला की तुमच्या चहाची वाट पाहतोय, पाव्हण्याला चहा न देता कसं पाठवाल. त्यानंतर लोक हसायचे थांबले, पण विचारायचे थांबले नाहीत.

भावाच्या माघारी पहिली आखाजी आली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी घागर भरतात. नव्या मातीच्या घागरीत पाणी, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. कुटुंबातल्या एका मोठ्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. भावाची घागर कुणी भरायची यावर कुळमंडळाची बैठक झाली. पुतणीने भरावी तर ती लेक, दिलेली. जावयाने भरावी तर तो दुसऱ्या कुळाचा. अध्यक्ष घरी गेले आणि कपाटावरून स्मरणिका घेऊन आले. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि माझी ओळ मला वाचून दाखवली. इतकी स्पष्ट ओळ कुळाच्या इतिहासात असताना चर्चा कसली, असं ते म्हणाले. लेखक स्वतः समोर बसला होता. लेखक काही बोलला नाही.

भावाची घागर गावातल्या माझ्या घरी भरली. पुतणी हातात खरबूज घेऊन माझ्या अंगणात उभी राहिली, शेजारणीसारखी. तिचा नवरा आलाच नाही. भावजय दारापर्यंत येऊन परत गेली. पुढच्या वर्षीही तसंच, त्याच्या पुढच्या वर्षीही. दरवर्षी मी घागरीपुढे हात जोडायचो आणि भावाला मनात काय सांगावं ते मला सुचायचं नाही.

यंदा होळी झाल्यावर पुतणी शहाद्याला माझ्या घरी आली. मला ती मोठाबा म्हणते. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि सरळ बोलली.

"मोठाबा, या आखाजीले मन्हा बापनी घागर मन्हा घरमा भरायनी नही, तं आम्ही सुरतले जातस. मायले बी लई जातस. घरले कुलूप."

सुरतेला तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाने काम पाहून ठेवलं होतं. खोलीही पाहिली होती. आमच्याकडून सुरतेला गेलेला माणूस लग्नाकार्याला येतो, फोटो काढतो, परत जातो. वावर कसायला देतात आणि चार वर्षांनी विकतात. मी तिला म्हणालो की मी बैठकीत बोलतो. ती म्हणाली, तुम्ही तर लिहिलंय. 

आईचा शब्द भाऊबंदकीने मानला नसता. ती वारून गेलेली. आणि माझ्या छापलेल्या पुस्तकाविरुद्ध माझीच साक्ष कोण ऐकणार? तेव्हा मी पुरावा शोधायला निघालो. आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला, पण शोधायची वेळ ही पहिलीच.

प्रथम मी नंदुरबारला सरकारी जुन्या कागदांच्या खोलीत गेलो. तिथल्या कारकुनाने मूळपुरुषाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने काय केलं होतं, असं विचारलं. खून, दरोडा, दावा, गाव जाळणं, असं काही? मी म्हणालो, शेती केली. तो हळहळला. म्हणाला, साहेब, सज्जन माणूस कागदात सापडत नाही, थोडी तरी मारामारी केली असती तर बरं झालं असतं. तरी त्याने दोन गाठोडी सोडून दाखवली. वाळवीने इतक्या सफाईने खाल्ली होती की मधोमध आरपार दिसत होतं. मला त्या भोकातून त्याचा चेहरा दिसला आणि त्याला माझा.

मग आमच्या कुळाचा भाट आला होता तो गाठला. हे भाट घरोघर फिरून वंशावळ म्हणून दाखवतात. त्याने एका दमात आमचा वंश सूर्यापर्यंत नेला. खाली उतरताना मात्र मूळपुरुषापाशी आला आणि एकदम त्याच्या नातवावर उडी मारली. मी थांबवलं, मधलं म्हणा म्हणालो. त्याने पुन्हा सूर्यापासून सुरुवात केली. तीन वेळा आम्ही सूर्यापासून निघालो आणि तीनही वेळा त्याच जागी त्याला खोकला आला. शेवटी म्हणाला की तिथे त्याच्या आजोबाने काही शिकवलंच नव्हतं, तिथे घोट पाणी प्यायची रीत आहे. पाणी पिऊन त्याने मला, तुमच्या घराण्याचा इतिहास एका विद्वान मास्तराने लिहिलाय म्हणे, तो मिळेल का, असं विचारलं.

मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि संध्याकाळी धूळ खाऊन यायचो. बायको आठवडाभर पाहत राहिली. मग एकदा ताट वाढताना म्हणाली, "तुम्ही नंदुरबारले कसाले हिंडतस? ती नालापल्याडनी म्हतारी दर आखाजीले वरडी वरडी सांगस. तवय तुम्हना कान कोठे ऱ्हातस?"

इथे आखाजीची दुसरी रीत सांगायला हवी. आमच्या गावात नाल्याच्या अलीकडे आमची गल्ली, पलीकडे दुसरी. आखाजीच्या दुपारी दोन्ही गल्ल्यांतल्या बायका नाल्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींच्या घराण्यांना शिव्या देतात. गाणं म्हणाव्या तशा, ठेक्यात, पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. त्यात राग नसतो. संध्याकाळी त्याच बायका एकमेकींकडे झोक्यावर बसायला जातात. पुरुष लांब उभे राहून हसतात आणि काही ऐकत नाहीत. मीही लहानपणापासून हसत आलो होतो.

पलीकडच्या काठावरची सगळ्यांत नामांकित शिवी देणारी म्हणजे एक म्हातारी. आता दात नाहीत, पण आवाज आहे. मी तिच्याकडे गेलो, खाटेवर बसलो आणि आमच्या घराण्याला ती जी शिवी देते ती म्हणून दाखवा म्हणालो. म्हातारी लाजली. खरंच लाजली. पदर पुढे ओढला.

"मास्तर, आखाजी नही काही नही, बिनकामना शिव्या कशा दिऊ? आनि तुले कशी दिऊ? शिव्या बाईले देतस."

रीत म्हणजे रीत. दुसऱ्या दिवशी मी बायकोला घेऊन गेलो. बायको अंगणाच्या एका टोकाला उभी राहिली, म्हातारी दुसऱ्या टोकाला. मध्ये मी, वही पेन घेऊन. म्हातारीने घसा साफ केला, कंबरेवर हात ठेवला आणि सुरू झाली.

"सालवर ऊना, गोठामा निजना, सासराना वावरले बापनं म्हणना!"

 ही ओळ मी लहान असल्यापासून ऐकत आलो होतो. सालावर आला, गोठ्यात निजला, सासऱ्याच्या वावराला बापाचं म्हणाला. आई सांगत होती तेच, तसंच, वर्षातून एकदा, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. स्तुती करायला आम्ही मास्तर नेमला होता. खरं सांगायचं काम पलीकडच्या काठाने फुकटात केलं होतं.

तोपर्यंत बायकोला राहवलं नाही. तिने उत्तर दिलं. म्हातारीने त्याला उत्तर दिलं. शेजारच्या घरातली सून कडेवरचं मूल सावरत बाहेर येऊन उभी राहिली. दोघी दमल्यावर चहा झाला. मी म्हातारीला विचारलं, या ओळीचा अर्थ काय. ती म्हणाली, "माले काय माहीत? मन्ही सासूनी शिकाडी." सासूला कुणी शिकवली, तर तिच्या सासूने. अर्थ कुणालाच लागत नव्हता आणि त्यामुळेच कुणी तो सुधारला नव्हता.

आखाजीच्या सकाळी कुळमंडळाची बैठक होती. या बैठकीत मोठं काम होतं. गावाच्या रस्त्यावर सिमेंटचं प्रवेशद्वार उभं राहिलं होतं आणि त्याच्या माथ्यावर मूळपुरुष घोड्यावर बसला होता. घोडा नंदुरबारच्या एका मूर्तिकाराने दुसऱ्या कुणासाठी केला होता, ती माणसं न्यायला आली नाहीत, म्हणून आमच्या मूळपुरुषाला पटकन मिळाला. त्यामुळे घोडा जरा मोठा आहे आणि मूळपुरुष जरा लहान. आता खाली दगडात कोरायचा मजकूर मंजूर करायचा होता. मजकूर अर्थात माझ्या स्मरणिकेतला. शेवटच्या ओळीसकट.

देवळापुढच्या मांडवात पुरुष सतरंजीवर, बायका मागे खांबांच्या पलीकडे. पुतणी आली होती, तिचा नवरा मांडवाबाहेर मोटारसायकलला टेकून उभा. अध्यक्षांनी मला मजकूर वाचायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की हा मजकूर खोटा आहे, तो मी रचला होता. मग आईने सांगितलेलं सांगितलं. म्हातारीची शिवी वाचून दाखवली.

 मग बरेच जण एकदम बोलले. एक जण म्हणाला, मास्तरांची शुगर वाढलीय. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि मला समजावणीच्या सुरात विचारलं, "मास्तर, नालावरन्या शिव्या म्हणजे इतिहास का? पुरावा काय शे?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. वाळवीने खाल्लेलं गाठोडं होतं आणि खोकणारा भाट होता.  तेवढ्यात खांबांमागून अध्यक्षांच्या घरची सगळ्यांत थोरली बाई, त्यांची काकू, बसल्या जागेवरून बोलली.

"पुरावा काय मांगस रे? तुन्हा उंबरावर बी ते बोट शे. आज सकायलेच लाईसन ऊनू मी."

अध्यक्षांना बोटाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, कसलं बोट. काकूने सांगितलं. जास्तीचं बोट, मूळपुरुषाच्या सासऱ्याचं, ज्याला मुलगा नव्हता त्याचं. तिच्या शेजारची म्हणाली, आमच्याकडेही लावतो. तिच्या मागची म्हणाली, नाही लावलं तर घरात काही टिकत नाही म्हणतात. मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुळातल्या एकूण एक घराच्या उंबरठ्यावर ते बोट होतं. प्रत्येक सासूने सुनेला सांगितलं होतं. उंबरठा पुजला जातो तेव्हा पुरुष बैल धूत असतात, त्यामुळे कुळाचा इतिहास फक्त अर्ध्या कुळाला ठाऊक होता, आणि स्मरणिका दुसऱ्या अर्ध्याने काढली. काकूला मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत. ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे, आणि घोडा बरा दिसत होता.

आता प्रश्न इतिहासाचा राहिला नव्हता, घोड्याचा झाला होता. सिमेंट वाळलेलं, रंग दिलेला, उद्घाटनाला पाहुणे बोलावलेले. सालदार घोड्यावर कसा? सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. मी या माणसाला नेहमी कमी लेखलं, तेही इथेच कबूल करतो. ते थोडा वेळ दाढी खाजवत बसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या घोडा. नवरदेव बी घोडावरच येस. हातमा तलवार बी ऱ्हास त्याना."

मांडव सुटकेने हसला. खरंच, आमच्याकडे नवरदेव घोड्यावरून येतो आणि हातात कट्यार किंवा तलवार असतेच. मूर्तीला छिन्नीही न लावता आमचा मूळपुरुष लढवय्याचा नवरदेव झाला. एक जण उत्साहाने म्हणाला की फेट्याला मुंडावळ्या रंगवून टाकू. मंजूर झालं.

पण अध्यक्ष तेवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, मजकूर बदला, चालेल, पण ती शेवटची ओळ चांगली आहे, तेवढी राहू द्या. घरजावयाचा मूळपुरुष, आणि खाली दगडात घरजावयाची रीत नाही! मला वाटलं होतं लोक हसतील. बरेच जण मान डोलवत होते. ओळ वाचायला छान लागते, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि दुर्दैवाने छान लागत होती.

मी म्हणालो की ओळ माझी आहे, मी काढून घेतो. दगडात ती कोरली तर मी त्याखाली उभा राहून रोज येणाऱ्याजाणाऱ्याला ती खोटी आहे असं सांगेन. मला पेन्शन आहे, दुसरं काम नाही. आणि आज माझ्या भावाची घागर माझ्या घरी भरली जाणार नाही. त्याच्या घरी त्याची लेक आणि जावई भरतील, ज्याला यायचं त्याने यावं.  कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. काकू उठली, पदर खोचला आणि पुतणीला म्हणाली, चल, सांजोऱ्या तळायच्या राहिल्या असतील.

दुपारी भावाच्या घरी घागर भरली. पुतणीने पाणी ओतलं, तिच्या नवऱ्याने घागर धरली. भावजय भिंतीला टेकून बसली होती, तिने घागरीवरचं खरबूज दोनदा सरळ केलं. पितर म्हणून पाटावर कुणी बसायचं हा प्रश्न होता. मला वाटत होतं की कुणी आलंच नाही तर मी आहे. पण आमरसाचा वास गल्लीत गेला होता. आधी एक काका आले, सहज. मग दुसरे, चष्मा विसरल्याच्या निमित्ताने. शेवटी अध्यक्ष आले आणि आपणहून पाटावर बसले, कारण मोठा पाट त्यांचाच असतो अशी त्यांची जन्मभराची सवय. जावयाने त्यांच्या वाटीत रस वाढला. त्यांनी भुरका मारून म्हटलं, "पाव्हणा, अजून थोडा," आणि मग वाटी पुढे धरलेली तशीच ठेवून, जरा अडखळून, "जवाईबुवा" म्हणाले. बुवा लावायला त्यांना जड गेलं. पण लावला.

सगळे गेल्यावर जावई माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं काही चांगलं बोलेल.

"मोठाबा, एक कराल? आता तुम्ही नवं काही लिहाल त्यात माझं नाव घालू नका. चार पिढ्यांनी कुणीतरी मास्तर मलाही घोड्यावर बसवील."

मी कबूल केलं. सुरतेचं मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. पुतणीने डब्यात सांजोऱ्या भरून दिल्या, त्या घेऊन मी शहाद्याच्या बसमध्ये बसलो. स्मरणिकेतली माझी तेरा खोटी पानं एका दुपारी खरी होत नाहीत, एवढं मला कळत होतं. भाऊबंदकी उद्या पुन्हा पाव्हणा म्हणेल, हेही कळत होतं. माझ्या कबुलीने माझं ओझं थोडं हलकं झालं, पण ते दोघं माझं ओझं हलकं करायला गावात राहणार नव्हते.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मी रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. बायको म्हणायची, करा की. मी म्हणायचो, बघू.

मग एका सकाळी पुतणीचाच फोन आला. ती वैतागलेली होती. बोअरची मोटार जळाली होती, पपईच्या नव्या रोपांना दोन दिवस पाणी नव्हतं, गावातला रिवाइंडिंगवाला लग्नाला गेलेला. शहाद्यात कुणी असेल तर आजच्या आज पाठवा, मोटार काढून ठेवलीय, असं ती म्हणाली. मागून जावयाचा आवाज येत होता, तांब्याची तार चांगली घालायला सांगा, मागच्यासारखी नको, आता ही निदान पाच वर्षं चालली पाहिजे. पुतणीने ते मला पुन्हा सांगितलं, मी ऐकलं नसेल म्हणून.

मी चप्पल घातली आणि स्टँडामागच्या रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानाकडे निघालो.